रिया, दमयंती अन् आमची आत्या

भावाला मुलगी झाली. बारसं गावी, जऊळक्यालाच करायचं ठरलं. पुण्याहून त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली: मायरा, कियारा, रिया, डॅफ्नी. खाली लिहिलं, "ताई, नाव युनिक पाहिजे. अर्थ पाहून सांग."

पाहिले. कियारा इटालियन, म्हणजे उजळ. डॅफ्नी म्हणजे ग्रीक भाषेत लॉरेलचं झाड. अपोलो देव मागे लागला म्हणून पळता पळता झाड झालेली मुलगी. रिया ही झ्यूसची आई. तिचा नवरा क्रोनस लेकरं जन्मली की गिळायचा. तिनं फडक्यात दगड गुंडाळून त्याच्या हातात दिला अन् झ्यूसला वाचवलं. आपल्याकडची कंसाची गोष्ट आठवते की नाही?

नावं वाईट नाहीत. पण मंडळी, आपण राहतो विदर्भात! पुराणातल्या किती पोरी इथल्याच. रुक्मिणी कौंडण्यपूरची, रुक्म म्हणजे सोनं. लोपामुद्रा विदर्भाच्या राजाघरी वाढली, ऋग्वेदात तिच्या नावाच्या ऋचा आहेत. अन् दमयंती. भीम राजाला मूल नव्हतं, दमन ऋषींनी वर दिला: एक कन्या, तीन मुलगे. दमयंती, दम, दांत, दमन. ग्रीकांच्या पेनेलोपीनं नवऱ्याची वीस वर्षं वाट पाहिली म्हणतात. आमच्या दमयंतीनं तर खोटं स्वयंवर मांडून नळाला बोलावून घेतलं, अन् वेश बदललेला असताना त्याच्या हातचं चाखून त्याला ओळखलं.

हे सगळं मी ओसरीवर मोठ्यानं सांगत होते. आमची मोठी आत्या ऐकत होती. तीन बहिणींच्या पाठीवर झालेली, म्हणून तिचं नाव नकोशी. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात अशा २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. तेव्हा मी हिलाही म्हटलं होतं. ती म्हणाली होती, "आता काऊन बदलू? सातबाऱ्यावर तेच हाय, बँकीत तेच हाय."

या वेळी तिनं फक्त विचारलं, "वरात पोरगी भेटली त्या राजाले?"

"हो."

"अन् भावायची नावं कोणाले माहीत हायत?"

मी गप्प झाले.

नाव ठेवायचा मान माझा, मी तिला दिला. भावाचं तोंड जरा उतरलं. पाळण्यात वाकून ती कानात बोलली, अन् मग कुर्रर्र झालं.

ज्यांच्या घरी पाळणा हललाय त्यांच्यासाठी: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मागाहून भरता येतं, बारा महिन्यांपर्यंत फी लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बाळानंतर आईचं नाव, मग वडिलांचं. ग्रामपंचायतीत स्पेलिंग नीट तपासून घ्या.

आमच्या दाखल्यावर दमयंती आलंय. घरी सगळे अजून माऊच म्हणतात. आत्या तेवढी पूर्ण नावानं हाक मारते.