तटाच्या आतले

'झुलू' हा १९६४ सालचा इंग्रजी सिनेमा. जळगावात तो पुढे कधीतरी रविवारच्या मॉर्निंग शोला लागला, तेव्हा माझे काका, नाना, एम.जे. कॉलेजात शिकत होते. इंग्रजी सिनेमा म्हणजे थेटरात निम्मी कॉलेजची पोरं, आणि संवाद कोणालाच नीट कळत नसल्यानं पडद्यावर काय चाललंय ते मोठ्यानं सांगणारा एखादा जाणकार. त्या खेळाला तो मान आपला होता, असं नाना सांगत. गोष्ट तशी सोपी आहे. २२ जानेवारी १८७९. दक्षिण आफ्रिकेतलं रोर्क्स ड्रिफ्ट हे नदीकाठचं छोटंसं ठाणं. आत दीडशेच्या आसपास गोरे शिपाई, त्यांतले काही दवाखान्यात खाटेवर पडलेले. बाहेर तीन-चार हजार झुलू. धान्याच्या गोण्या आणि बिस्किटांच्या पेट्या रचून आतल्यांनी आडोसा केला आणि रात्रभर तो राखला. त्या एका ठाण्यासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले.

नाना एसटीत लागले, धुळे स्टँडवर कंट्रोलर झाले, पण हा सिनेमा त्यांनी सोडला नाही. दिवाळीत भाड्यानं व्हीसीआर आणायचा, तर दोन हिंदी कॅसेटी आमच्या आणि तिसरी त्यांची, हे ठरलेलं. इतक्यांदा मागेपुढे केलेली ती कॅसेट, शिपायांचे लाल डगले विटकरी झालेले. टेकडीच्या माथ्यावर झुलूंची रांग उभी राहते तिथे नाना पॉज दाबत. चित्र थरथरत राही, मधोमध पांढरी रेघ. पडद्यावर बोट ठेवून ते मला विचारत, "मझार कितला व्हतात?"

मी म्हणायचो, "दीडशे."

"आनि बंदुका कोनाजोडे व्हत्यात?"

हा दुसरा प्रश्न मला फार उशिरा कळला. आतले थोडे होते हे खरं, पण मार्टिनी-हेन्री रायफली त्यांच्याच हातात होत्या. झुलूंकडे मुख्यतः भाले आणि कातड्याच्या ढाली. बंदुका होत्या त्या जुन्यापान्या. आतले १७ मेले. बाहेरचे साडेतीनशेहून जास्त. नुसती डोकी मोजून थोडे कोण आणि फार कोण हे ठरत नाही, हे नानांनी मला असं शिकवलं, मास्तरकीचा आव न आणता.

पण नानांच्या मनात आफ्रिका नव्हतीच, थाळनेर होतं. सुट्टीच्या दिवशी ते राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत आणि खानदेशचं गॅझेटियर पानापानानं वाचत. एकदा ते मला एसटीनं शिरपूरला आणि तिथून थाळनेरला घेऊन गेले. फारुकींची ही जुनी राजधानी, खाली तापी. फारुकींच्या कबरींतली ती नक्षीदार अष्टकोनी कबर पाहायला आम्ही थांबलोदेखील नाही. किल्ल्यावर नाना मला एकामागून एक दरवाजे दाखवत चालले होते, मला मात्र मातीचे उंचवटे आणि काटेरी झुडपं दिसत होती.

महिदपूरच्या पराभवानंतर होळकर दरबारानं ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात खानदेश कंपनीला देऊन टाकला. थाळनेरच्या किल्लेदारानं, तुळशीराम मामानं, तो तह मानला नाही. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज येऊन ठेपली तेव्हा किल्ल्यात तीनशेच्या आसपास शिबंदी, बहुतेक अरब. तोफा चालल्या, इंग्रज आत शिरले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाशी अरबांशी बोलणं सुरू होतं, तेवढ्यात काय बिनसलं कोण जाणे. दिंडीतून आत गेलेले मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग शिबंदी जवळजवळ सगळी कापली गेली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव केला, त्यात थाळनेरचा भाग वेगळा काढून ठेवावा लागला. इतकी ती फाशी तिथल्याही लोकांना खटकली होती.

किल्ल्यावरच आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला. नाना म्हणाले, त्या सिनेमात शेवटी झुलू माघारी फिरतात आणि टेकडीवरून आतल्यांना सलामी देतात. शत्रू असावा तर असा. इथे मात्र हातात आलेल्या माणसाला लटकावलं. हे बोलताना त्यांचा घास हातातच राहिला होता. 'झुलू' पुन्हा पुन्हा पाहायचं कारण ती सलामी होती, हे मला तेव्हा समजलं.

नाना करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दवाखान्यात आम्हाला आत जाता आलं नाही. शेवटचं बोलणं फोनवर झालं, तेही धापेतून, आणि ते गॅस सिलिंडरच्या नंबराबद्दल होतं.

त्यानंतर कधीतरी मी रोर्क्स ड्रिफ्टबद्दल वाचायला घेतलं. ती सलामी घडलीच नव्हती. सिनेमावाल्यांनी ती रचली होती. झुलू सकाळी निघून गेले एवढंच. उलट लढाई संपल्यावर मैदानात पडलेल्या जखमी झुलूंना इंग्रजांच्या माणसांनी मारून टाकलं, आणि ते पडद्यावर कुठेच नाही. म्हणजे थाळनेर तिथेही झालं होतं. नानांनी आयुष्यभर ज्या मापानं हिस्लॉपला मोजलं, ते माप इंग्रजांनीच स्वतःच्या शिपायांसाठी घडवलं होतं.

हे नानांना सांगायला हवं होतं. ते चिडले असते, गॅझेटियर उघडून बसले असते, मग दोन दिवसांनी फोन करून म्हणाले असते की सलामी खोटी असेल, पण हिस्लॉपनं ती द्यायलाच हवी होती. आणि मी म्हणालो असतो की खोट्या सलामीनं खरी फाशी कशी मोजणार? त्यावर त्यांचं उत्तर काय आलं असतं, ते मला कितीही जुळवलं तरी जुळवता येत नाही.

मागच्या आखाजीला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा काकूंना सगळं सांगून पाहिलं. त्यांनी पुरणपोळीवर तूप ओतलं आणि म्हणाल्या, "तुम्हना दोन्हीस्नं हाईच. आते जेवी ले."