हवेला जागा द्या, भाऊ!

नागझिऱ्याला जाताना साकोलीत चहाब्रेक मस्टच! नॅशनल हायवे ५३ वरून नागपूर-रायपूरचे ट्रक सुसाट धावत असतात. टपरीपाशी उभं राहा. ट्रक गेला की आधी अंगावर हवेचा धक्का, मग मागे ओढणारा झोत. पेपर, ओढण्या, धूळ, सगळं उडतं. दोन सेकंदांत पुन्हा शांत. कारण हवेला पळायला दोन्ही बाजूंनी अख्खं शिवार मोकळं आहे.

आता हेच धूड बोगद्यात घाला. भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबईला या. पहाटे कसारा घाटात बोगदा लागला, की उघड्या खिडकीतला हवेचा आवाज एकदम बदलतो. तिथे हवेला शिवार नाही, फक्त डबा आणि भिंत यांच्यातली फट आहे.

मुंबईत उतरून मेट्रो-३ घेतली, तर जवळपास सगळा प्रवास असाच. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ पासून हा पूर्ण मार्ग सुरू आहे. फंडा सोप्पा आहे : गाडी म्हणजे सायकलच्या पंपातला दट्ट्या. समोरची हवा ती पुढे ढकलते, उरलेली फटीतून मागे पळते. फट जितकी लहान, तितका विरोध जास्त. वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट! तो मोडायला मोटर जास्त वीज खाते आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. वर ती आभाळात जाते, खाली भिंतीत मुरते.

लंडनकरांना विचारा. तिथले जुने खोल बोगदे जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचे. कमी खोदकाम, कमी खर्च! गाडी त्यात जवळजवळ गच्च बसते. सुरुवातीला आजूबाजूची माती १४ अंशांच्या आसपास होती. शंभरेक वर्षं ब्रेकची, मोटरची, हवेच्या घर्षणाची उष्णता पिऊन ती काही ठिकाणी २६ अंशांपर्यंत तापली. डब्यात एसी बसवावा, तर त्याची गरम हवा टाकायची कुठे? आपल्याकडे हे शाळकरी पोरगंही सांगेल : कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, की खोलीत नुसती चिकचिक.

मेट्रो-३ चे बोगदे खणणारी यंत्रं साडेसहा मीटरच्या आसपासची होती. ब्रेक लावताना गाडी वीज परत तारेत पाठवते, प्लॅटफॉर्मवरचे काचेचे दरवाजे स्टेशनचा गारवा राखतात. बुलेट ट्रेनचा बीकेसी-शिळफाटा बोगदा तर दोन्ही रुळांसाठी एकच, यंत्राचं तोंड १३.६ मीटरचं. एवढ्या वेगाला हवाही तशीच मोकळी लागते ना!

मोठा बोगदा महागच. व्यास थोडा वाढला तरी खोदकाम बरंच वाढतं. पण एसी, पंखे, गाड्या पुढे बदलता येतात. भिंत मागे सरकवता येत नाही. तेव्हा तुमच्या शहरात भुयारी मेट्रोची घोषणा झाली, की 'स्टेशनं किती?' बरोबर 'बोगदा किती रुंद?' हेही विचारा. त्याचं बिल नातवंडं भरणार आहेत!

कसं जाल? नागपूरहून साकोली रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. मे महिन्यात जाणार असाल तर टोपी, कांदा आणि पाण्याची बाटली विसरू नका.