वेम्बली ते स्वीडन: एका गर्दीची पंधरा वर्षे

४ जून १९७७. लंडनच्या वेम्बली मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला २-१ असे नमवले आणि हजारो स्कॉटिश पाठीराखे मैदानात घुसले. त्यांच्या भाराने गोलखांब मोडले. कित्येकांनी हिरवळीचे तुकडे उपटून आठवण म्हणून घरी नेले.

आज हेच पाठीराखे ‘टार्टन आर्मी’ या नावाने ओळखले जातात. चौकटीचे किल्ट नेसून, बॅगपाइप वाजवत ते परदेशी जातात आणि यजमान शहरे त्यांचे स्वागत करतात.

हा पालट कसा घडला? १९८०च्या दशकात इंग्लिश पाठीराख्यांची दंगलखोर म्हणून युरोपभर नाचक्की झाली. आपण त्यांच्यातले नव्हे, हे स्कॉटिश मंडळींना जगाला दाखवायचे होते. १९९२च्या युरोपीय स्पर्धेसाठी दोन्ही देशांचे पाठीराखे स्वीडनमध्ये होते. माल्मो शहरात इंग्लिश पाठीराख्यांनी दंगल केली. स्कॉटिश पाठीराख्यांच्या वर्तनाचा मात्र ‘युएफा’ने गौरव केला. पुढे त्यांच्यातूनच ‘टार्टन आर्मी सनशाइन अपील’ उभे राहिले. संघ जिथे खेळायला जाईल, तिथल्या गरजू मुलांसाठी ते देणगी देते.

या सौजन्याच्या मुळाशी शेजाऱ्याशी असलेली ईर्ष्या होती. मला त्यात उणेपणा वाटत नाही. ‘ते लोक तसलेच’ असा शिक्का आपण किती सहज मारतो! तोच शिक्का १९७७ साली यांच्यावरही बसला होता. गर्दीनेच गर्दीला आवर घातला, म्हणून तो पुसला गेला.