आंबीस माहेरीं आलेली मोटार

तळेगांव स्टेशन सोडून वराळ्याच्या वाटेनें निघालें, म्हणजे थोड्याच वेळांत इंद्रायणी ओलांडावी लागते व पलीकडे आंबी हें गांव येतें. मावळांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही भाताचीं खाचरें आहेत. दूर इंदोरीच्या अंगास तुकोबांच्या एकांतानें पावन झालेला भंडाऱ्याचा डोंगर आहे. पण खाचरांच्या शेजारींच आतां औद्योगिक वसाहतीच्या भिंती उभ्या आहेत, आणि रस्त्यावर मालमोटारींची रीघ लागलेली असते. गेल्या भाद्रपदांत आम्ही या गांवीं गेलों, तें देवदर्शनास नव्हे. आजारी मोटार घेऊन गेलों होतों.

आमची मोटार शेव्हरोले बीट, २०१२ सालची. तीन सिलिंडरांचें लहानसें डिझेल इंजिन असलेली. जनरल मोटर्स कंपनीनें २००८ सालीं तळेगांवच्या औद्योगिक वसाहतींत जो कारखाना काढला, तेथें या मोटारी तयार होत. २०१७ च्या अखेरीस कंपनीनें या देशांत मोटारी विकणें थांबविलें, २०२० च्या डिसेंबरांत कारखान्याचें काम बंद झालें, आणि २०२३ सालीं तो घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीनें केला. म्हणजे लेक आजारी होऊन माहेरीं आली, तों माहेरच्या घराची मालकी बदललेली!

दुखणें उपटलें तें बोरघाटांत. खंडाळ्याच्या चढावर मोटारीचा दम एकाएकीं सुटला. शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागला, आणि मागून काळा धूर निघाला. शहरांतील एका ठिकाणीं दाखविली, तेव्हां टर्बोचार्जरच बदलावा लागेल असें सांगण्यांत आलें. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत मोटार भंगारांत काढण्याची भाषा सुरू झाली. आमच्या वडिलांनीं हौसेनें घेतलेली ही शेवटची वस्तु. त्यामुळें आमचें मन घेईना. तेव्हां एका स्नेह्यांनीं आंबीच्या एका मिस्त्रींकडे जाण्यास सुचविलें.

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. लोहाराचा भाता माणूस हलवितो. हा भाता इंजिनाच्या टाकाऊ धुरावर चालतो. बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचें चक्र हवा ओढून, दाबून इंजिनांत भरतें. हवा अधिक मिळाली म्हणजे इंधनही अधिक जाळतां येतें, व लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. लहान मोटारींतील हा दांडा मिनिटास लाखाहूनही अधिक फेरे घेतो, आणि तो तरंगत असतो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर. तेल हेंच त्याचें जीवन.

मिस्त्री तरुण होते. त्यांनीं इंजिन चालूं करून नुसतें ऐकलें. मग तें बंद करून निवूं दिलें. टर्बोची हवेची नळी सोडवून त्यांनीं दांडा बोटांनीं हलवून पाहिला. तो बाजूला किंचित् हलला. मागेंपुढें मुळींच सरकला नाहीं. तेलाच्या थरासाठीं तेवढी जागा असावीच लागते, असें त्यांनीं समजाविलें. शेवटीं टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी त्यांनीं आमच्यापुढें धरली. खालच्या अंगास ती बोटभर चिरलेली होती. दाबलेली हवा तेथूनच निसटत होती. इंधनास हवा पुरत नसल्यानें काळा धूर येत होता.

"काका, टर्बो चांगला आहे," ते म्हणाले. "पण हें तेल पाहा. कधीं बदललें होतें?"

आम्हांस उत्तर देतां येईना. तेल डांबरासारखें झालेलें होतें.

"आणि घाट चढून आलांत, कीं लगेच चावी फिरवितां ना?"

आम्ही मान डोलाविली.

"इंजिन थांबलें, कीं तेलही थांबतें. तापलेल्या दांड्याभोंवतीं राहिलेल्या तेलाचा कोळसा होतो, आणि हळूहळू तेलाची वाटच बुजते. नळीचें दुखणें आज बरें होईल. या संवयीचें औषध मजजवळ नाहीं."

नवी नळी, पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें तेल, तेलाची व हवेची गाळणी, एवढ्यावर काम भागलें. टर्बोस तेल पुरविणारी बारीक नळीही त्यांनीं काढून मोकळी असल्याची खात्री केली. टर्बोच्या किंमतीच्या मानानें बिल अगदींच किरकोळ झालें.

कारखान्यांत वस्तु एकदांच जन्मास येते. पुढें तिला रोज जगवावें लागतें, आणि तें काम ज्याच्या घरीं ती असते त्याचें. वडील दर सहा महिन्यांनीं तेल बदलल्याची तारीख वहींत टिपून ठेवीत. त्यांच्यामागें ती वही आम्हीं उघडलीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पुन्हां बोरघाट चढलों. मोटारीनें चढ सहज काढला. लोणावळ्यास थांबतांच हात संवयीनें चावीकडे गेला. तो आम्हीं मागें घेतला, आणि एक मिनिट इंजिनाचा आवाज ऐकत बसलों. घरीं आल्यावर वही शोधून काढली व वडिलांच्या शेवटच्या नोंदीखालीं आंबीची तारीख लिहिली.