डावखुऱ्याची ठासणीची बंदूक

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की हरणाच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम लागतो. १९७४ पासून तो चालू आहे. या हंगामात बंदूक वापरायची तर ती ठासणीची हवी, एकनळी हवी, कॅलिबर ०.४४ इंचाच्या खाली नको, आणि मुख्य म्हणजे ती गारेच्या ठिणगीनं उडायला हवी. तांब्याच्या टोपीवर घोडा आपटणारी चालत नाही. इथं स्थिरावल्यावर मी शिकारीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून हा थंडीतला हंगाम डोक्यात घर करून होता.

माझं लहानपण कुडाळकडचं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आमच्या घरात होती, पण ती टोपीची आणि आतून गुळगुळीत नळीची. डुकरं बागेत शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि डुकरांना हे बरोबर कळतं असं काकांचं ठाम मत. मी इथं तसलीच बंदूक शोधतोय हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, थंयसर सगळा नवा गावता, मगे ही ठासणीची कित्याक व्हयी तुका?" कागदपत्रांचं ऐकून तर ते गप्पच झाले. १९६८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यात काळ्या दारूची ठासणीची बंदूक 'फायरआर्म' या व्याख्येतच बसत नाही. बहुतेक राज्यांत ती टपालानंसुद्धा घरी येते. काकांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी किती खेटे घालावे लागतात ते मला ठाऊक आहे.

पण बंदूक सहज मिळते म्हणून निवड सोपी होत नाही, उलट अवघड होते. कुठल्याही गन शोमध्ये पहिली हाताला लागते ती 'हॉकेन'. जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी एकोणिसाव्या शतकात सेंट लुईसला रॉकी पर्वतात जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली आखूड, जाडजूड, अर्ध्या दस्त्याची रायफल. १९७० मध्ये थॉम्प्सन सेंटर कंपनीनं त्या नावाची बंदूक बाजारात आणली आणि १९७२ मध्ये रॉबर्ट रेडफर्डचा 'जेरेमाया जॉन्सन' आला. मग काय, घरोघरी हॉकेन. मूळ हॉकेन भावांच्या रायफलींवर सहसा साधं लोखंडी सामान असायचं. या नव्या अवतारावर पितळ चकाकतं. दणकट आहे, वापरलेली स्वस्तात मिळते, नवशिक्यानं टोपीची घ्यायची ठरवली तर मी आजही तीच सुचवीन. मला मात्र गारेचीच हवी होती, शिवाय मी राहतो त्या भागाचा हॉकेनशी काडीचा संबंध नाही.

इथला संबंध आहे लाँगरायफलशी. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत जर्मन आणि स्विस बंदूककार येऊन वसले. त्यांच्या मायदेशातली 'येगर' रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची होती. इथल्या रानात शिसं नि दारू दोन्ही महाग, म्हणून नळी लांबत गेली, तोंड लहान होत गेलं, मेपलच्या लाकडाचा दस्ता सडपातळ झाला. पुढं जगानं हिला केंटकी रायफल म्हटलं, आणि याचा राग इथल्या म्हाताऱ्यांना अजून आहे. नाझरेथजवळ बोल्टनला पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम आहे. तिथल्या काचेपुढं उभं राहून मी लाकडावरची कोरीव वेलबुट्टी पाहण्याऐवजी दस्त्याची मागची टोकं पाहत होतो. सुरुवातीच्या काळातल्या रायफलींचं टोक रुंद आणि जवळजवळ सपाट. नंतरच्यांचं अरुंद आणि चंद्रकोरीसारखं आत वळलेलं. कोर दिसते देखणी, पण ती खांद्याच्या खळगीत लावली तर वरचं शिंग असं काही रुततं की दुसरा बार काढायची हौस राहत नाही. ती दंडावर टेकवायची असते. रेंजवर एकाची तशी उडवून पाहिली आणि ठरवलं, घ्यायची ती जुन्या घाटाची, रुंद टोकाचीच.

कॅलिबरबद्दल मी फार घोळ घातला नाही. ०.४५ ची गोळी साधारण ८ ग्रॅमची, ०.५० ची साडेअकरा, ०.५४ ची साडेचौदा. ०.४५ कायद्यात बसते. निशाणेबाजीला गोड, पण हरणाला मला ती हलकी वाटते. ०.५४ ला शिसं नि दारू दोन्ही जास्त लागतात. मधली ०.५०.

नळीच्या आतल्या पिळाकडे मात्र विकणारे नि घेणारे दोघंही दुर्लक्ष करतात. कापडात गुंडाळलेली गोल गोळी डागायची तर पीळ सावकाश हवा, साधारण ६० ते ७० इंचांत एक वेढा. लांबट गोळ्यांसाठीच्या आधुनिक नळ्यांत २८ इंचांतच वेढा पुरा होतो. त्यांत दारू जरा वाढवली की गोल गोळी पीळ धरत नाही, घसरते. ४८ चा वेढा ही तडजोड, आणि दुकानातल्या बहुतेक बंदुका याच तडजोडीच्या. वाईट नसतात. पण गोल गोळीच वापरायची हे पक्कं असेल तर तडजोड कशाला?

खरी अडचण पुढंच होती. मी डावखुरा. गारेच्या बंदुकीचं लॉक, म्हणजे घोडा, त्याच्या दाढेत चामड्यात धरलेली गार, ती जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी आणि खालची रंजकाची वाटी, हे सगळं नळीच्या उजव्या अंगाला असतं. उजव्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, म्हणून मधे नळी येते. माझा गाल लॉकच्याच बाजूला. चाप ओढला की वाटीतलं रंजक नाकापासून वीतभर पुढं भडकतं आणि नळीच्या कानातून, म्हणजे आतल्या दारूपर्यंत जाणाऱ्या बारीक भोकातून, धुराची पिचकारी बाहेर पडते. कित्येक डावरे तशीच उडवतात, सवय होते म्हणतात. चष्मा अर्थात सगळेच लावतात. माझे डोळे मात्र भडक्याआधीच मिटायचे. रंजक पेटणं आणि आतली दारू पेटणं यांत जो क्षण जातो, त्यात नेम हलता कामा नये. त्याच क्षणी डोळे मिटले तर कितीही भारी नळी घ्या, गोळी भलतीकडेच जाणार. म्हणून डाव्या अंगाला लॉक असलेलीच हवी. आणि ही अट घातली की दुकानातल्या भिंतीवरच्या दहांपैकी नऊ बंदुका आपोआप बाद होतात. खास बनवून घ्यायची तर कारागीर हजारो डॉलर आणि कधी कधी वर्ष-दोन वर्षं मागतो.

शेवटी आमच्या रेंजवरच्या एका निवृत्त सुतारानं निरोप दिला: त्यांचा एक डावखुरा मित्र वारलाय, घरचे त्याच्या बंदुका विकतायत, त्यातली एक बरेच दिवस पडून आहे. डाव्या हाताची, मग कोण घेणार! आम्ही दोघं गेलो.

सुतारबाबांनी बंदूक हातात घेऊन पहिलं काम केलं ते असं: लॉककडे ढुंकूनही न पाहता गज नळीत सोडला, तो तळाला टेकला तिथं नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, मग गज बाहेर काढून नळीवर आडवा ठेवला. गजाचं टोक कानापर्यंत पोचलं. म्हणजे आत काही नाही. टोक दोन बोटं अलीकडे थांबलं असतं तर आत भरलेला बार असण्याची शक्यता. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते.

मग गजाला तेल लावलेली चिंधी अडकवून नळीत फिरवली. चिंधी सगळीकडे सारख्या ओढीनं सरकायला हवी. मधेच सैल पडली तर तिथं नळी झिजलीय किंवा फुगलीय, अडखळली तर गंज. इथं चिंधी काळपट निघाली, पण ओढ सारखी होती. कान वाटीच्या वरच्या काठाच्या रेषेत होता. फार खाली असला तर रंजक कानातच भरतं, ते वातीसारखं जळत जातं आणि बार उशिरा निघतो. घरच्यांना विचारून लॉक कोरडंच दोनदा उडवलं. खोलीतला दिवा मालवला होता. पांढऱ्या, जाड ठिणग्या वाटीच्या तळाशी पडल्या. पिवळ्या-तांबड्या, मधेच विझणाऱ्या पडल्या असत्या तर पट्टीचं पोलाद मऊ आहे किंवा गार बोथट आहे असं समजायचं. गार दीड-दोन डॉलरची, पट्टी पुन्हा कडक करायची तर कारागीर गाठावा लागतो. दस्त्यावर मनगटाशी एक जुनी चीर होती, डिंकानं बसवलेली. तिचे मी पैसे कमी करून घेतले. दस्त्याच्या पुढच्या भागावर कोरलेलं फूल जरा ओबडधोबड आहे. त्याचे पैसे कमी करा म्हणायला जीभ रेटली नाही. सुतारबाबांच्या त्या मित्रानं ते स्वतःच्या हातानं कोरलं होतं.

मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि उघडले. माशी मागच्या खाचेत आपोआप येऊन बसली होती. मान लांबवावी लागली नाही, गाल दाबावा लागला नाही. बेचाळीस इंचांची नळी, तोंडाकडे निमुळती होऊन पुन्हा किंचित फुगलेली, त्यामुळं लांब असूनही पुढं ओढत नाही. एवढ्या सगळ्या आकड्यांनंतर सौदा याच गोष्टीवर पक्का झाला.

आता दारूचा प्रश्न राहतो. गारेच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते. दुकानात सहज मिळणारे तिचे पर्याय जास्त उष्णतेला पेटतात, त्यामुळं ठिणगीनं नुसतं रंजक भडकतं आणि बार फुसका जातो. सुतारबाबांनी आपल्या डब्यातली थोडी दिली आहे. गोळी ०.४९० ची घ्यावी की ०.४९५ ची, यावर रेंजवर दोन तट आहेत आणि दोघंही जुन्या वैऱ्यांसारखे भांडतात. मी तूर्त ०.४९० च्या घेतल्यात, त्यांना जरा जाड कापड लागतं. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड त्यासाठी उत्तम, पण ते कापताना घरी हटकलं गेलं, तेव्हा पुढचा गज-दीड गज दुकानातूनच आणीन.