सोललेले तळवे

महाबळेश्वर, मार्चची संध्याकाळ. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातून परतलेल्या आईच्या टाचांच्या भेगा पाहिल्या आणि २०१८ चा किसान लाँग मार्च आठवला. ६ मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालले. टीव्हीवर मात्र मोर्चा ठळक दिसला तो मुंबईच्या वेशीवर आल्यावर. रक्ताळलेले, सोललेले तळवे पाहून आमचं घर हळहळलं. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेतकरी रात्रीतूनच चालत आझाद मैदानावर पोचले. एरवी टीव्हीवरच्या चर्चेत मोर्चा म्हणजे वाहतूककोंडी. त्या दिवशी मनं द्रवली खरी. पण कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची मागणी किती जणांच्या लक्षात राहिली? पडद्यावर मोर्चा दिसला की आधी एवढंच विचारा: यांचं मागणं काय आहे?