शजऱ्यातली पेन्सिलीची ओळ

आमच्या माटुंग्याच्या घरी कपाटात एक जुना शजरा आहे. खेड तालुक्यातल्या गावाहून अब्बांनी तो आणला. त्यात आमच्या पणजोबांच्या शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आहे आणि पुढे एकच शब्द : केपटाऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या किनाऱ्यावरचे अनेक कोकणी मुसलमान जहाजाने तिकडे गेले, त्यांची वस्ती तिथे आजही आहे. या धाकट्या दादांची पत्रं काही वर्षं आली, मग थांबली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या फुफी अजून म्हणतात, "डोळे मिटायच्या आत त्यांच्या लेकरांचं तोंड बघायचंय."

गेल्या वर्षी परदेशातून आलेल्या भाच्याने थुंकीवरून करायची डीएनए चाचणी आणली. ती फुफींचीच करायची ठरली. पूर्वजांचा वारसा दर पिढीत निम्मा होतो, म्हणून घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस निवडायचं. फुफींना सगळं समजावून त्यांची परवानगी घेतली. निकालात केपटाऊनच्या एक बाई निघाल्या! जुळणी १९० सेंटिमॉर्गन, आणि कंपनीचा अंदाज असा की दोघी एकाच पणजोबांच्या पणत्या असाव्यात. आमच्या शजऱ्याचा हिशेबही तोच होता. घरात शिरखुर्मा झाला.

रुईया कॉलेजात शिकणारी आमची धाकटी मात्र गप्प होती. तिने विचारलं, "हे १९० किती तुकड्यांत आहेत?"

मग तिने आम्हांला समजावलं. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून. पण आई देते ते गुणसूत्र नाना-नानींच्या गुणसूत्रांचे तुकडे जोडून बनलेलं असतं, बापाचं दादा-दादींच्या. दर पिढीत ही कापाकापी होते. त्यामुळे लांब तुकडा जुळला तर सामाईक पूर्वज बहुधा जवळचा, आखूड जुळला तर बहुधा दूरचा. सेंटिमॉर्गन हे याच कापाकापीचं माप. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८५० च्या आसपास जुळतात, एका पणजोबांच्या पतवंडांत २३० च्या आसपास. सातपेक्षा लहान तुकडा तर कित्येकदा निव्वळ योगायोग असतो.

फुफींचे तुकडे निघाले सतरा. सर्वांत मोठा फक्त २१ चा. पणजोबा एक असते, तर तेवढीच बेरीज बहुधा कमी आणि लांब तुकड्यांत आली असती, त्यात एखादा चाळीस-पन्नासचा असता.

मग बेरीज फुगली कशी? उत्तर शजऱ्यातच होतं. फुफींचे आई-वडील मावस भावंडं. त्यांच्या आधीही सोयरीक गावातल्या चार-पाच घराण्यांतच. एकाच जुन्या पूर्वजाचे बारीक तुकडे अनेक वाटांनी खाली येतात आणि बेरजेत जवळच्या नात्याचा भास होतो.

हे फक्त आपलंच नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे आपले जुने शेजारी बेने इस्राएल. त्यांच्यातल्या १८ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर पद्धतींबरोबर त्यात असे सामाईक तुकडेही तपासले होते. मध्यपूर्वेतले यहुदी आणि इथले स्थानिक लोक, दोघांचा वारसा त्यांच्यात मिळाला. हा मिलाफ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, आणि नंतर लग्नं मुख्यतः जमातीतच होत राहिली, असं त्यातून दिसलं. अशा जमातीत दोन अनोळखी माणसंही कागदावर भावंडं भासू शकतात.

खात्रीसाठी आम्ही फुफींच्या मामेभावाचीही चाचणी केली. शजऱ्याप्रमाणे ते आमच्या पणजोबांच्या वंशातले नाहीत. तरी सतरापैकी नऊ तुकडे त्यांच्यातही होते. नुसती जागा एक असून भागत नाही, कारण तिथे आईची एक आणि बापाची एक अशा दोन प्रती असतात. तिघांचं एकमेकांशी जुळावं लागतं. नऊ ठिकाणी तसं जुळलं. म्हणजे एवढे तुकडे तरी धाकट्या दादांचे नव्हेत. उरलेल्या आठांवरून काहीच ठरत नव्हतं.

केपटाऊनच्या बाईंकडे त्यांच्या दादांचा एक कागद आहे. त्यावर गावाचं नाव नाही, फक्त 'बॉम्बे'.

फुफींना सांगायचं कसं? दोन दिवस आम्ही टाळलं. शेवटी धाकटीनेच सांगितलं. फुफी बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या.

"म्हणजे ती आपल्या धाकट्या दादांची नाही?"

"असेलही, फुफी. पण एवढ्यावरून म्हणता येत नाही."

"मग शजऱ्यात पक्कं लिहू नका. खोटं नातं जोडणं बरं नव्हे. बाजूला पेन्सिलीने लिहा." मग थांबून म्हणाल्या, "आणि ईदला तिला फोन लावा. परकी तर नाही ना ती?"

परकी नाही, एवढं ते सतरा तुकडे नक्की सांगतात. ओळ पेन्सिलीने लिहिली आहे. त्या बाईंचे एक चाचा हयात आहेत, ते चाचणीला तयार झाले आहेत. ते धाकट्या दादांचे मुलगे असतील, तर फुफींशी चारशेच्या आसपास जुळायला हवं, आणि तेही लांब तुकड्यांत. निकाल यायचा आहे. फुफी रोज विचारतात.